पहिल्या रविवारचं पातेलं

आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं एक स्टीलचं पातेलं असायचं. लग्न होऊन भोरला आले त्याच आठवड्यात मी ते चहासाठी खाली काढलं. सासूबाईंनी ते माझ्या हातातून अशा घाईने घेतलं की मला वाटलं, आत माहेरचं सोनं असणार. आत काहीच नव्हतं. "ह्ये पहिल्या रविवारचं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा अभ्र्यात घालून वर ठेवून दिलं.

आमचं चर्च लहान. चाळीस-पंचेचाळीस माणसं, वर पत्रा, दाराशी दगडी पायरी आणि त्या पायरीवर काढलेल्या चपला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस. भाकर म्हणजे बेकरीतला पाव, कडा काढून बारीक तुकडे केलेला. द्राक्षरस म्हणजे काळ्या मनुका पाण्यात उकळायच्या, हाताने चुरायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. तो रस अंगठ्याएवढ्या कपांत भरतात, कप तबकातून सगळ्यांकडे जातात आणि सगळे एकदम पितात. ही सगळी तयारी कितीतरी वर्षं सासूबाईंकडे होती.

त्यांचे नियम तीन. डोकं झाकलेलं, पातेलं वेगळं आणि तोंड बंद. मनुका धुवायला घेतल्यापासून रस बाटलीत भरेपर्यंत त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. दूधवाला आला तरी हातानेच खूण. मी नवी नवरी, शेजारी फडकं धरून उभी असायचे आणि तो पाऊण तास मला खायला उठायचा. मी मूळचीच बोलघेवडी, त्यात शाळेत शिक्षिका. गप्प बसणं हा आमच्याकडे शिक्षेचा प्रकार.

शिवाय माझं माहेर नगरकडचं. तिथलं चर्च मोठं, उपासना गाजावाजाची. आम्ही मुली मागच्या बाकावर बसून चिंचा खायचो आणि देव म्हणजे घरचाच माणूस, हे मला लहानपणापासून पाठ होतं. त्यामुळे एकदा रस बाटलीत गेल्या गेल्या मी सासूबाईंना अडवलंच. म्हटलं, "आई, देव आपला बाप आहे ना? मग बापाकडे जायला एवढे नेम कशाला?"

त्या फडकं पिळत होत्या. "बाप हाय म्हनून तो निजला असंल तर त्याला वलांडून जाशील का?"

मला त्याचा राग आला. दोन दिवस मी फुगून होते.

समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना हे कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. "अहो, हे तर आमचं सोवळंच की!" सासूबाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "न्हाई वो काकू. पातेलं साधंच हाय, बाजारातनं आनलेलं. आपन कुनाम्होरं जानार हाय त्ये इसरू नये म्हनून येगळं ठिवायचं." हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. पुढे त्याचा मी केला तो उपयोग मात्र सांगायला लाज वाटते.

सासूबाईंचं माहेर वेल्ह्याकडचं, गुंजवण्याच्या खोऱ्यातलं. भाताची खाचरं होती, ती पुढे धरणात गेली. त्या वाडीत चर्च कुठलं? चार घरं ख्रिस्ती. भोरहून पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, वर्षातून दोनदा यायचे, शेवटचा पल्ला पायी. उपासना घराच्या पडवीत, आणि भाकर म्हणजे खरोखरीच तांदळाची भाकर. पाळक यायच्या आधी दोन दिवस घर सारवायचं, आणि कुणाशी अबोला असेल तर त्या दोन दिवसांत मिटवायचा. मिटला नाही तर त्या माणसाने मागे बसायचं, पुढे हात करायचा नाही.

एक गोष्ट त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. पाच-सहा वर्षांच्या असताना प्रार्थनेआधीच त्यांनी टोपलीतल्या त्या भाकरीचा तुकडा मोडला. भूक लागली होती, एवढंच. आईने पाहिलं. "आय आता मारनार म्हनून म्या डोळं मिटलं. मार काय बसंना. डोळं उगडून बगितलं तर आय रडत व्हती. तवा मला कळलं, ह्ये कायतरी लई मोटं हाय." बस, त्यांचं सगळं धर्मशिक्षण तिथे झालं होतं. मी नगरला शब्बाथशाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गाच्या, सगळ्या परीक्षा पहिल्या नंबराने दिलेल्या, पण मला असं कुणी रडून शिकवलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. पुण्याला ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांची खाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून टाकली, आणि प्रभुभोजनाच्या मेजाची तयारी माझ्याकडे आली. पहिल्या रविवारी चर्चमधली उपासना संपली की पाळकसाहेब भाकर आणि रस घेऊन आमच्या घरी येतात. त्या दिवशी सासूबाई सकाळीच मला अंग पुसून द्यायला लावायच्या, पांढरी साडी, डोक्यावर पदर, पाठीला उशी. पाळकसाहेब कप पुढे करायचे, आणि तो घ्यायच्या आधी त्या माझ्याकडे बघून विचारायच्या, "तोंड बंद व्हतं न्हवं?"

मी म्हणायची, "हो, आई."

मग त्या दोन्ही हातांनी कप घ्यायच्या आणि हात असे थरथरायचे की मी खाली तळवा धरायची. वय झालं, असं मी पाळकसाहेबांना डोळ्यांनीच सांगायची. दुपारी चहाची बशी त्या एका हाताने तोंडाला लावायच्या, थेंब सांडायचा नाही. ते मी रोज बघत होते.

त्यांचे नियम माझ्या हातून एकेक करून गेले. आधी तोंड सुटलं. मी वरवे बुद्रुकला शाळेत. शाळा कमी आणि बाकीची कामं जास्त, मतदारयाद्या म्हणू नका, सर्वेक्षणं म्हणू नका. शनिवारी दुपारी घरी यावं तर फोन सुरूच. मनुका चुरता चुरता मोबाईल खांद्यात धरून मी बोलायची. मग डोक्यावरचा पदर गेला, गॅसजवळ पदर बरा नव्हे हे कारण. शेवटी नाताळात पाहुणे आले, दूध जास्त होतं, आणि मी अभ्रा सोडून ते पातेलं खाली काढलं. पातेलं साधंच आहे, बाजारातून आणलेलं. सासूबाईंचंच वाक्य मी त्यांच्यावर उलटवलं, तेही मनातल्या मनात, कारण त्या खाटेवर जाग्या होत्या.

आणि दर पहिल्या रविवारी, "हो, आई."

मला यात फार काही वाटत नव्हतं, हेही सांगायला हवं. म्हातारीच्या समाधानासाठी एक शब्द, अशी मी माझी समजूत घालत होते. चर्चमध्येही आता सगळं सोयीचं झालं होतं. गीतांचे शब्द दाखवायला पडदा आला, खुर्च्या आल्या, माणसं दुसऱ्या गीताला आरामात येऊ लागली. मग मीच एकटी कशाला घाबरू?

मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. माझी नणंद महाडला असते. ती वरंधा घाटातून आली ती कोकमाचं आगळ घेऊन. आगळ म्हणजे कोकमाचा निव्वळ रस, मीठ घालून टिकवलेला. सोलकढीत चमचाभर टाकला तरी पुरतो. तिने ते सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलं होतं. आमचा द्राक्षरसही मी तशाच बाटलीत भरायची. शनिवारी मी रस काढला, भाचीशी फोनवर बोलत बोलत, आणि फ्रिजमध्ये आगळाच्या शेजारी ठेवला.

रविवारी सकाळी घाई. नवरा शिरवळच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. सासूबाईंचं आवरलं, बाटली पिशवीत टाकली आणि निघाले. चर्चच्या मागच्या खोलीत कप मांडले, आणि तेवढ्यात पुन्हा भाचीचा फोन. साखरपुड्याला पैठणी नेसावी की कांजीवरम, हा प्रश्न त्या घटकेला जगात सर्वांत मोठा होता. मी फोन खांद्यात धरून कप भरत गेले. रंग जरा जास्तच लाल वाटला. म्हटलं, या खेपेच्या मनुका चांगल्या निघाल्या.

उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना मान खाली घालून स्वतःच्या मनात डोकावायला सांगितलं. मी मान खाली घालून हिशेब करत होते की मागच्या रांगेला कप पुरतील ना. भाकर झाली. तबक फिरलं. सगळ्यांनी कप हातात धरले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि आम्ही एकदम प्यालो.

जिभेला मीठ लागलं. मग तो आंबटपणा कानशिलांपर्यंत गेला. क्षणभर मला कळलंच नाही आणि मग फ्रिजमधली शेजारची बाटली आठवली. मी मान वर केली.

कुणी तोंड वाकडं केलं नव्हतं. चाळीस माणसांनी निव्वळ आगळ गिळलं होतं आणि चाळीस माणसं डोळे मिटून बसली होती. पाळकसाहेबांच्या गळ्यातली घाटी तेवढी एकदा वरखाली झाली आणि पुढची प्रार्थना त्यांनी जरा घोगऱ्या आवाजात म्हटली. माझ्या पुढच्या रांगेत ड्रायव्हरकाका होते. जन्मभर भोर-वेल्हे एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांना आमच्याकडचं काहीच पसंत पडत नाही. पंखा लागतो, भोंगा कर्कश, उपदेश लांब, चहा पाणचट. म्हटलं, आता हे उठणार आणि सगळ्यांदेखत माझी शोभा करणार. ते उठले नाहीत. रिकामा कप दोन्ही हातांत धरून ते बसले होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

बाहेर पायरीशी ते चपला शोधत होते तेव्हा मी गाठलं. "काका, माफ करा. आज बाटली चुकली. ते कोकम होतं."

"व्हय का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, मुद्दाम दिलंय."

"मुद्दाम?"

"प्रभूला क्रुसावर तान लागली तवा आंबच दिली व्हती न्हवं, आंबलेला रस? म्हटलं, आज ती चव आमाला बी द्यायची असंल. इतकी सालं ग्वाड पेत आलो, कधी ध्येनातच आलं न्हाई." चपला घालून ते निघून गेले. चहाला थांबले नाहीत.

मी तिथेच उभी राहिले. मी फोन खांद्यात धरून ओतलेल्या कपापुढे तो माणूस रडला होता. माझी चूकही त्याने देवाकडून आलेली म्हणून घेतली. 

पाळकसाहेब आमच्या जवळपास निम्म्या वयाचे, मनाने फार चांगले. मी सांगायला गेले तर तेच मला धीर देऊ लागले. "ताई, होतं असं. घरी खरा रस आहे ना? मग आईंना तोच देऊ. त्यांना काही बोलायला नको, उगाच जिवाला लावून घेतील." मला हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, आता त्यांना जपा. जपायचं म्हणजे सांगायचं नाही, असा अर्थ मी वाटेतच लावून टाकला.

सासूबाई तयार होऊन बसल्या होत्या. पांढरी साडी, पदर, उशी. मी फ्रिजमधून खरी बाटली काढली, कप भरला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि कप सासूबाईंपुढे धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तोंड बंद व्हतं न्हवं?"

"हो" अगदी ओठांवर होतं. दोन वर्षांची सवय, आपोआप येतं. पण ड्रायव्हरकाकांचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. हा कप सासूबाईंना माझ्या खोट्यावर प्यायला लावायचा, तोही कदाचित शेवटचा? आणि खरं सांगितलं तर त्या तो घेणारच नाहीत. मग तशाच गेल्या तर? मला दोन्हीकडून भीती वाटली आणि मी रडायलाच लागले.

"नव्हतं आई," मी म्हटलं. "काल नव्हतं. मागच्या महिन्यातही नव्हतं. कधीच नव्हतं. पातेल्यात दूध तापवलं मी. आणि आज चर्चमध्ये सगळ्यांना आगळ पाजलं."

पाळकसाहेब कप धरून तसेच उभे. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आगळाचं ठावं नव्हतं. बाकीचं ठावं हाय."

"म्हणजे?"

"म्या हितं भित्ताडाला लागून पडलेली. माजे कान कुठं गेल्यात? तुजी भाची, तिच्या साड्या, यादीतली मेलेली मानसं, समदं ऐकू येतंया."

"मग दर वेळी विचारत का होता?"

"कवातरी न्हाई म्हनशील म्हनून."

मला त्यांच्याकडे बघवेना. "आणि तरी घेत होता, आई?"

"काय करू? न्हाई म्हनले असते तर पाळकसायबांम्होरं तुजी मान खाली गेली असती. मग म्हनायची, देवा, पोर लबाड न्हाई, घाईत हाय. तिचं काय असंल त्ये माज्यावर घाल. आन मग कप उचलायची." त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "हात काय उगं कापत व्हते व्हय?"

 मग त्यांनी विचारलं, "मनुका हाईत का?"

"मूठभर आहेत."

"मग त्ये पातेलं आन."

मी ते फळीवरून काढलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, आत हात फिरवला, अभ्र्याने पुसलं आणि माझ्याकडे दिलं. पाळकसाहेबांनी हातातला कप ठेवला, मोबाईल बंद करून खिशात टाकला आणि खुर्ची ओढून बसले. त्यांना दुपारी वेल्ह्याला दुसरी उपासना होती, तरी बसले.

मी डोक्यावर पदर घेतला आणि मनुका धुतल्या. गॅस पेटवला. समोरच्या काकूंच्या कुकरची शिट्टी झाली, स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला. पिशवीत माझा फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. मनुका हळूहळू फुगत होत्या. त्या दुपारी, ओट्याशी उभी असताना, मला पहिल्यांदाच एक वेगळी भीती वाटली. सासूबाईंची नव्हे, शिक्षेचीही नव्हे. शाळेत कधी कधी तपासणीचे साहेब न सांगता येतात आणि मागच्या बाकावर बसतात, आणि आपण फळ्याकडे तोंड करून भलतंच बोलत असतो. मग वळून पाहिलं की जसं होतं, तसं झालं. ज्याच्यापुढे जायचं, तो इतके दिवस इथेच होता. या ओट्याशी, या वाफेत, त्या खाटेपाशी. माझी पाठ होती.

आणि त्याने मला एकदाही हाकललं नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. पाच-सहा वर्षांच्या मुलीला भाकरीच्या टोपलीपाशी काय कळलं असेल, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

रस गाळला. पाऊण तास झाला असेल, मला तो पाच मिनिटांसारखा वाटला. मी तीन कप भरून तबकात आणले. पाळकसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना केली. सासूबाईंनी कप घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी प्रश्नाची वाट बघत होते.

"आज ईचारायचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "समद्या घरानं ऐकलंय."

सवयीने मी त्यांच्या कपाखाली तळवा धरला. त्याची गरज पडली नाही. त्यांनी कप एका हाताने, चहाच्या बशीसारखा, तोंडाला लावला आणि थेंब न सांडता प्याल्या.

मग माझा कप मी उचलला. तो तोंडापर्यंत जाईना. हात इतका कापत होता की अर्धा रस बोटांवरून मनगटापर्यंत गेला आणि साडीवर पडला. मी ओशाळून पदराने पुसायला लागले, पाळकसाहेबांना काहीतरी सॉरी-बिरी म्हणाले.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. पुसू दिलं नाही.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "कापू दे जरा."